धुक्यातले ४×५ निगेटिव्ह आणि राखाडी प्रिंट: चूक नेमकी कुठे होते आहे?

करवी_ताम्हिणी

ताम्हिणी घाटात पावसाळ्यात काढलेल्या ४×५ शीट्स (चार बाय पाच इंची सुट्या फिल्म) डार्करूममध्ये प्रिंट करतो आहे. प्रिंट मेलेला दिसतो. अंदाजपंचे उत्तरं येऊ नयेत म्हणून सगळा तपशील आधीच देतो.

पुढे साधारण सव्वा मीटरवर नेच्याचा झुबका, मधे करवीचं रान, मागे धुक्यात कड्याची कड. लेन्स १५० मिमी, एफ ३२, कुठलाही टिल्ट (लेन्स पुढे झुकवणं) नाही. फिल्म एफपी४ प्लस (काळी-पांढरी), संवेदनशीलता १२५ लाच धरली. स्पॉट मीटरने करवीच्या सर्वांत गडद ओल्या खोडावर रीडिंग घेऊन ते झोन ३ वर (तपशील राहील इतक्या गडद सावलीच्या पायरीवर) ठेवलं, तर ४ सेकंद आले. पिवळा-हिरवा फिल्टर लावला होता, त्याचा गुणक २, म्हणून ८ सेकंद दिले. लेन्सबोर्डापासून ग्राउंड ग्लासपर्यंत (मागची फोकसची काच) टेपने १७ सेंमी भरतं.

डेव्हलपर डी-७६, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी). नळाचं पाणी २७ अंश होतं, म्हणून ११ मिनिटांऐवजी ५ मिनिटं. ट्रेमध्ये एका वेळी चार शीट्स. कागद मल्टिग्रेड फायबर, ग्रेड ४ (आकडा जितका मोठा तितका कॉन्ट्रास्ट जास्त), कागदाचा डेव्हलपर घरी बनवलेला डी-७२, १+२. सेफलाइट (कागदाला न दिसणारा डार्करूमचा दिवा) म्हणून साधा लाल एलईडी बल्ब, ट्रेपासून तीनेक फुटांवर.

लक्षणं अशी: धुकं पांढरं येत नाही, मळकट करडं येतं. खोडांच्या सावल्यांत नुसता काळा चिखल. ग्रेड वाढवला की चिखल आणखी काळा होतो, धुकं मात्र आहे तिथेच.

तिरपी_पाटी

तपशील दिलात ते उत्तम, निम्मं उत्तर त्यातच आहे. पण तुमच्याकडे एक नाही, निदान दोन रोग आहेत आणि दोन्हींवर ग्रेड ४ हे एकच औषध चाललंय.

पहिला रोग एक्स्पोजरचा. १५० ची लेन्स १७ सेंमीवर ताणली आहे; बेलोज (कॅमेऱ्याचा भाता) ताणला की फिल्मवर उजेड कमी पोचतो. (१७ ÷ १५) चा वर्ग १.२८. म्हणजे ८ चे १०.३ सेकंद झाले. आता रेसिप्रॉसिटी, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते त्याची भरपाई. एफपी४ साठी इल्फर्डने घातांक १.२६ दिला आहे: मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात करायचा. १०.३ चे झाले जवळपास १९. तुम्ही दिले ८. सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी पडला, म्हणजे झोन ३ वर ठेवलेलं खोड झोन २ च्याही खाली घसरलं. तिथे फिल्मवर तपशील उतरलेलाच नाही, तो कागदावर कुठून येणार?

क्रम महत्त्वाचा. आधी फिल्टर, मग बेलोज, आणि रेसिप्रॉसिटी सर्वांत शेवटी. ४ सेकंदांना आधी रेसिप्रॉसिटी लावून (५.७) मग २ ने आणि १.२८ ने गुणलंत तर १४.७ येतात. तेही कमीच. रेसिप्रॉसिटीचा हिशोब फिल्मवर प्रत्यक्ष पोचणाऱ्या उजेडाचा असतो, मीटरला दिसणाऱ्या उजेडाचा नाही.

आणि टिल्ट का नाही? कॅमेरा जमिनीपासून ९० सेंमीवर असेल आणि फोकसचं प्रतल जमिनीवर झोपवायचं असेल, तर साइन = १५० ÷ ९००, म्हणजे साडेनऊ अंश पुढे टिल्ट. तेवढ्यावर एफ २२ पुरतं. एफ २२ ला तुमचे ४ सेकंद २ होतात, फिल्टरने ४, बेलोजने ५.१, आणि रेसिप्रॉसिटी लावून ८ च्या आत. एक स्टॉप उघडलात तर १९ चे ८ झाले. वाऱ्यात नेच्याचं पान १९ सेकंद स्थिर राहत नाही, त्यामुळे हा फायदा लहान नाही.

आळीतला_सुतार

टिल्टबद्दल जरा सबुरीने. करवीची खोडं उभी असतात. प्रतल जमिनीवर झोपवलं की जवळच्या खोडांचे शेंडे फोकसबाहेर जातात आणि ते छापल्यावरच दिसतं. जमिनीऐवजी नेच्याचं टोक ते कड्याची कड असं प्रतल धरा. लेन्स त्या प्रतलाच्या जवळ आली की अंतर कमी आणि टिल्ट जास्त, दूर असेल तर टिल्ट कमी. मग चौकटीचे चारही कोपरे लूपने (भिंगाने) बघायचे, नुसता मधला भाग नाही. चौकटीत जवळ उंच खोड असेल तर टिल्ट विसरा आणि एफ ३२ चे १९ सेकंद मुकाट द्या.

लूपने बघताना श्वास कापडाच्या बाहेर सोडा. ताम्हिणीत ग्राउंड ग्लासवर वाफ धरते आणि लेन्सच सॉफ्ट आहे असं वाटत राहतं.

पेठेतला_पिक्सेल

इतका उपद्व्याप करण्यापेक्षा स्कॅन करून कर्व्ह ओढा ना. दहा मिनिटांचं काम.

लाल_अंधार

पिक्सेलराव, फिल्मवर न उतरलेली सावली स्कॅनरलाही दिसत नाही. असो.

धागाकर्ते, तिरपी_पाटी यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्याने फक्त चिखलाचा उलगडा होतो. धुकं करडं येण्याशी कमी एक्स्पोजरचा संबंध नाही. खोडातला तपशील गेला तरी कागदावर धुक्याला वेळ तुम्हीच ठरवता. वेळ कमी केला की धुकं उजळायलाच हवं. ते उजळत नसेल तर कागदावर कुठून तरी आगंतुक उजेड पडतोय किंवा कागदच जुना आहे. माझा संशय त्या बल्बावर.

बाजारात 'लाल' म्हणून मिळणारे बरेच बल्ब म्हणजे पांढरा एलईडी आणि वर लाल टोपी. त्यातून हिरवा-निळा उजेड गळतो आणि मल्टिग्रेड कागदाला नेमके तेच दोन रंग दिसतात. तपासायला जुनी सीडी घ्या, पूर्ण अंधारात तिच्या पाठीवर बल्बाचं प्रतिबिंब बघा. फक्त लाल पट्टा दिसला पाहिजे. पिवळ्या-हिरव्याची नुसती रेघ दिसली तरी बल्ब बाद. तापकीर गल्लीत सुटे लाल एलईडी मिळतात, ६२० ते ६३० नॅनोमीटरचे. आठ-दहा एलईडी रोधासह जोडून बोर्ड छताकडे तोंड करून लावा. उजेड परतून आला पाहिजे, थेट ट्रेवर नको.

पण सीडीवर भागत नाही. नाण्याची परीक्षा घ्यायची, आणि बहुतेक जण ती चुकीची घेतात. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटांनी डेव्हलप करतात, काही दिसलं नाही की खूश. कागदाला एक उंबरठा असतो. त्याच्या खालचा उजेड एकटा असेल तर दिसत नाही, पण एन्लार्जरच्या उजेडात मिसळला की त्याची बेरीज होते. ही बेरीज सर्वांत आधी दिसते ती हलक्या टोनमध्ये. म्हणजे नेमकी तुमच्या धुक्यात.

म्हणून असं करा. सेफलाइट बंद. एन्लार्जर वर घेऊन, लेन्स एफ १६ वर ठेवून, आख्ख्या कागदावर जेमतेम हलका करडा येईल इतका एन्लार्जरचा उजेड (फ्लॅश) द्या (किती सेकंद, ते एक पट्टी काढून आधी ठरवा). मग कागद ट्रेच्या जागी ठेवा, त्यावर चार नाणी, आणि सेफलाइट लावा. २, ४, ६ आणि ८ मिनिटांनी एकेक नाणं उचला. सेफलाइट बंद करून पूर्ण अंधारात डेव्हलप. नाण्याखालची गोल खूण ज्या नाण्यापासून दिसायला लागते, त्याच्या निम्मा वेळ तुमचा सुरक्षित वेळ.

कागद जुना आहे का ते वेगळं तपासायचं: पूर्ण अंधारात कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या. एक सरळ फिक्सरमध्ये, दुसरी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. दुसरी करडी आली तर दोष कागदाचा, बल्बाचा नाही.

बोअरचं_पाणी

+१. दुसरं म्हणजे २७ अंशाला ५ मिनिटं हे मला पटत नाही. दर अंशाला साधारण १० टक्के वेळ कमी, हे गणित बरोबर आहे, पण ट्रेमध्ये चार शीट्स फिरवताना पाच मिनिटांत सगळ्यांना सारखा डेव्हलपर पोचत नाही. सगळ्यात खालची शीट आणि सगळ्यात वरची यांच्यात २०-३० सेकंदांचा फरक पडतोच. ११ मिनिटांत तो खपून जातो, ५ मिनिटांत धुक्यात पट्टे उमटतात. धुक्यासारख्या सपाट टोनमध्ये तर लगेच.

२४ अंशावर आणा, वेळ सव्वासात मिनिटं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, डायल्यूशन बिघडतं. मोठ्या परातीत गार पाणी, त्यात ट्रे, परातीत बर्फाच्या झिप पिशव्या. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पाणी २९-३० ला जातं, तेव्हा स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही एक-दोन अंशांच्या आत ठेवा. नाहीतर इमल्शन (फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर) मऊ पडतं आणि शीट्स फिरवताना कोपरे एकमेकांना ओरबाडतात. इमल्शन वरच्या बाजूला ठेवा, आधी दोन मिनिटं साध्या पाण्यात एकेक करून भिजवा (कोरड्या शीट्स एकावर एक पडल्या की चिकटतात), आणि दर ३० सेकंदांत सगळी चळत एकदा फिरली पाहिजे. नखं कापा.

अवांतर: सोसायटीत बोअर किंवा टँकर असेल तर डेव्हलपर आणि शेवटचं वेटिंग एजंट, दोन्ही डिस्टिल्ड पाण्यात. मधलं धुणं कसल्याही पाण्यात चालतं. कडक पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर वाळले की प्रिंटमध्ये काळे नाही, पांढरेच ठिपके देतात, आणि लोक धूळ समजून ब्लोअर मारत बसतात. शीट एका कोपऱ्याने टांगा, पुसू नका.

करवी_ताम्हिणी

सर्वांचे आभार. नाण्याची परीक्षा केली. दोन मिनिटांच्या नाण्याखाली काही नाही, चार मिनिटांच्या खाली स्पष्ट गोल. सीडीवर हिरवी रेघ दिसते. कागद बरा आहे, दोन्ही पट्ट्या सारख्या पांढऱ्या. ग्रेड ४ ला एक्स्पोजर दुप्पट, त्यात डॉजिंग (काही भाग झाकून उजळ ठेवणं), मग डेव्हलपरमध्ये तीन मिनिटं. एकूण सहा-सात मिनिटं कागद त्या उजेडात राहत होता.

पण आहेत त्या निगेटिव्हचं काय? पुन्हा जाऊन काढायची की यातून काही निघेल?

तिरपी_पाटी

चार मिनिटांना खूण म्हणजे तुमचा सुरक्षित वेळ दोन मिनिटं. तेवढ्यात कागद डेव्हलपरमधूनही बाहेर येत नाही. बल्ब बदला.

आता निगेटिव्ह. डोळ्यांनी ठरवू नका, कॉन्टॅक्ट प्रूफ काढा. होल्डरच्या पट्ट्यांखाली शीटच्या कडेला उजेड न लागलेली पारदर्शक रेघ राहते, ती तुमची मोजपट्टी. एन्लार्जर ठरावीक उंचीवर, एफ ८, ग्रेड २. निगेटिव्ह कागदावर ठेवून वर जाड काच. दर तीन सेकंदांची पट्टी काढा, आणि काचेखालचा थोडा कागद फिल्मशिवाय उघडा ठेवा. जिथे पारदर्शक कडेचा काळा आणि उघड्या कागदाचा काळा पहिल्यांदा एकसारखे दिसतात, तो वेळ. पट्टी वाळवून बघा, ओल्या पट्टीवर फसाल.

त्या वेळेला आख्खा प्रूफ काढा. खोडात तपशील नसेल तर एक्स्पोजर कमी होतं. खोड ठीक पण धुकं करडं असेल तर डेव्हलपमेंट कमी. या एका कागदावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचता येतात. घनतामापी लागत नाही.

करवी_ताम्हिणी

केलं. वेळ १५ सेकंद आला. खोडं जवळजवळ कोरी काळी, आणि धुकंही अपेक्षेपेक्षा गडद.

लाल_अंधार

म्हणजे दोन्ही कमी. अपेक्षितच होतं.

इथे पावसाळ्याची एक गोष्ट सांगायला हवी. धुक्यात गडद खोड ते उजळ धुकं यांत बऱ्याचदा तीनच स्टॉप असतात. उन्हातल्या दृश्यात तपशिलासह पाच धरतो आपण. हे तीन स्टॉप नेहमीच्या डेव्हलपमेंटला टाकले की निगेटिव्ह सपाटच येणार. मग लोक ग्रेड ५ लावतात, दाणे आणि धूळ दोन्ही उठून येतात, आणि धुक्यातले बारीक टप्पे तुटतात. हा विस्तार निगेटिव्हमध्येच करायचा, कागदावर नाही. एफपी४ ला डी-७६ १+१ मध्ये २० अंशांना ११ ऐवजी १४ मिनिटं, म्हणजे एन+१ (नेहमीपेक्षा एक पायरी जास्त डेव्हलपमेंट). त्यावर ग्रेड २½ किंवा ३ पुरतो. एकाच प्रकारच्या उजेडातल्या शीट्स एका डब्यात ठेवा, म्हणजे वेगळ्या डेव्हलप करता येतील. शीट फिल्मचा खरा फायदा हाच.

आळीतला_सुतार

मी जरा वेगळं म्हणेन. एन+१ ठीक, पण वारा असताना नेच्याच्या हललेल्या पानांच्या कडा जास्त कॉन्ट्रास्टने आणखी खुपतात. मी एन (नेहमीची डेव्हलपमेंट) ठेवून स्प्लिट ग्रेड करेन, म्हणजे एकाच प्रिंटला मऊ आणि कडक ग्रेडचं वेगवेगळं एक्स्पोजर. ज्याची त्याची आवड.

फिल्टरचं मात्र बघा. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. त्यामुळे लाल फिल्टरने धुकं कापलं जात नाही. उन्हाळ्यात सिंहगडावरून दिसणारा निळसर धूसरपणा लाल किंवा नारिंगी फिल्टरने कमी होतो, कारण तो बारीक कणांचा असतो. धुक्यात लाल लावलात तर तीन स्टॉप जातील आणि हिरवळ काळी पडेल, बाकी काही नाही. पिवळा-हिरवा बरोबर होता: ओला बेसॉल्ट आणि हिरवळ वेगळे होतात. पोलरायझर त्याहून उपयोगी. ओल्या पानांवर आभाळाची करडी चमक असते, ती गेली की पान गडद आणि भरीव दिसतं. त्याचे दीड ते दोन स्टॉप हिशोबात धरा, रेसिप्रॉसिटीच्या आधी.

तिरपी_पाटी

आहे त्या निगेटिव्हमधून प्रिंट काढायचाच असेल तर, बल्ब बदलल्यावर:

आधी फक्त ग्रेड ००. पट्टी सारख्या सेकंदांची नको, स्टॉपची काढा: ८, १०, १२.७, १६, २०.२, २५.४. प्रत्येक पायरी एक तृतीयांश स्टॉपची, त्यामुळे दोन पायऱ्यांतला फरक डोळ्याला सारखा दिसतो. सारख्या सेकंदांच्या पट्टीत सुरुवातीच्या पायऱ्यांत उडी मोठी आणि शेवटी सगळं एकच. धुक्यात जेमतेम टोन येतो तो वेळ धरा. मग नव्या कागदावर तो ०० चा वेळ देऊन वर ग्रेड ५ ची पट्टी. खोड जिथे काळं होतं पण साल अजून कळते, तिथे थांबा. साल फिल्मवरच नसेल तर सर्वांत कमी वेळ घ्या आणि खोडं सरळ छायाकृती म्हणून स्वीकारा. काळ्या चिखलापेक्षा स्वच्छ काळी आकृती बरी.

धुकं म्हणजे कोरा कागद नव्हे. त्यात टोन राहिला पाहिजे, आणि फायबर कागद वाळल्यावर ८ ते १० टक्के गडद होतो. ओला प्रिंट छान दिसला तर वेळ तेवढा कमी करूनच अंतिम प्रिंट काढा. किंवा पट्टी मायक्रोवेव्हमध्ये वाळवून ठरवा. तो मायक्रोवेव्ह पुन्हा स्वयंपाकाला नको.

करवी_ताम्हिणी

डी-७२ घरी बनवतो, त्यात गडबड असू शकते का? सोडा किराणा दुकानातला आहे.

बोअरचं_पाणी

एक लिटर स्टॉकला मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ (मोनोहायड्रेट असेल तर ८०), पोटॅशियम ब्रोमाइड २. ७५० मिली पाणी ५० अंशांना घेऊन सुरुवात. मेटॉल सल्फाइटच्या आधी, कारण दाट सल्फाइटमध्ये ते विरघळत नाही. पण पाण्यात आधी सल्फाइटची एक चिमूट टाका, नाहीतर मेटॉल लगेच तपकिरी पडतं.

किराणातला धुण्याचा सोडा बहुधा स्फटिकी असतो, त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. तोच ६७ ग्रॅम घातलात तर डेव्हलपर लुळा पडतो आणि काळे खरे काळे येत नाहीत. कढईत मंद आचेवर पांढरी कोरडी पूड होईपर्यंत भाजा, मग तोला. पापडखार चालत नाही, ते मिश्रण असतं. डी-७६ साठी टाकणखार चालतो, पण औषधी दर्जाचा. स्टॉप बाथला लिंबूसत्त्व लिटरमागे १५ ग्रॅम, व्हिनेगरच्या वासापेक्षा बरं.

करवी_ताम्हिणी

स्फटिकीच होता. तीन रोग झाले म्हणायचे.

नवे एलईडी लावले, नाण्याची परीक्षा आठ मिनिटांपर्यंत स्वच्छ. ग्रेड ०० ला १२.७ सेकंद, ५ ला १० सेकंद. धुक्यात आता तीन थर दिसतात. खोडं छायाकृतीच आहेत.

शेवटचे दोन प्रश्न: पावसाळ्यात फायबर प्रिंट वाळत नाहीत, वळतात. आणि वापरलेला हायपो (फिक्सर) कुठे ओतायचा?

आळीतला_सुतार

धुण्याआधी सोडियम सल्फाइट २ टक्के (लिटरला २० ग्रॅम), त्यात १० मिनिटं. धुण्याला लागणारं पाणी बरंच वाचतं. मग काचेवर उपडा ठेवून रबरी पट्टीने पाणी काढा आणि नायलॉनच्या जाळीवर, चित्र खाली, पंख्याखाली. जुलैत दीड-दोन दिवस लागतात. त्याहून जास्त लागले तर बुरशीचा वास येतो, मग डीह्युमिडिफायर किंवा बंद खोलीत ६० वॉटचा बल्ब. वळलेला प्रिंट दोन कोऱ्या बोर्डांत घालून वर फरशी ठेवा, दोन दिवसांत सपाट.

हायपो मोरीत नको, त्यात चांदी असते. बोहरी आळीत झिरो नंबरचं लोखंडी स्टील वूल मिळतं. भांडी घासायची स्टेनलेस तार नाही, तिने काही होत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत वापरलेला फिक्सर, त्यात वूलचा गोळा, झाकण सैल, आठवडाभर. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळात बसते. एक स्वच्छ तांब्याचा तुकडा वरच्या द्रवात मिनिटभर बुडवा. त्यावर करडा थर चढला तर चांदी अजून शिल्लक आहे, आणखी वूल टाका. गाळ कोरडा करून डब्यात साठवा.

पेठेतला_पिक्सेल

वाखूसाठवत (वाचनखूण साठवत) आहे. त्या सुट्या एलईडींना रोध किती ओहमचा लावलात?

करवी_ताम्हिणी

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चार-चार एलईडींच्या दोन माळा, प्रत्येक माळेत २२० ओहम. एलईडीला साधारण २ व्होल्ट धरले तर १८ मिलिअँपिअर जातात. अडॅप्टरचा हिरवा दिवा काळ्या टेपने झाकायला विसरू नका.